मृतसंजीवनाची नीती : कल्पनाखेळांचे नियम आणि बंगाली-मराठी कथापरंपरा

मेलेल्या माणसाला परत आणण्याचे सामर्थ्य कोणाच्या हाती आले, तर त्याने ते वापरावे काय, आणि वापरल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न कथावाङ्मयाइतकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एका नव्या ठिकाणी उपस्थित झाला. भूमिका घेऊन खेळावयाच्या कल्पनाखेळांत तो नियमपुस्तकाचा विषय बनला. कथेत जे सूचित असते ते नियमपुस्तकाला स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. म्हणून जुन्या कथांकडे वळण्यापूर्वी या नियमांची ओळख करून घेणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात कोलकाता व त्याच्या परिसराशी निगडित असलेल्या काही बंगाली कृती आणि त्यांना समांतर असे मराठी संदर्भ यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

१. खेळाचा नियम

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी सिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृतांसंबंधीच्या मंत्रांचे त्यात ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील मंत्राने मेलेली व्यक्ती तिच्या जाणिवेसह पुन्हा जिवंत होते. दुसऱ्या वर्गातील मंत्राने केवळ प्रेत वा सांगाडा हालचाल करू लागतो आणि मांत्रिकाची आज्ञा पाळतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या वर्गातील मंत्रावर ‘दुष्ट’ असा स्पष्ट शिक्का आहे. पहिल्या वर्गावर तो नाही, परंतु अटी आहेत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनुसार मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ लोटलेला नसावा, पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची पडावा, आणि मुख्य म्हणजे मृताचा आत्मा परतण्यास राजी व मोकळा असावा.

या अटींतून तीन प्रश्न निघतात. मृताची संमती आहे काय? परत आणण्याची किंमत कोण देतो? परत आलेला कोणाचा होतो? खेळ पहिल्या दोहोंची उत्तरे देतो. तिसऱ्याविषयी तो मौन बाळगतो. परतलेला गडी आपल्या जुन्या सवंगड्यांत पूर्ववत जाऊन बसेल, हे तेथे गृहीतच धरलेले असते. भारतीय कथापरंपरेचा भर मात्र नेमका याच तिसऱ्या प्रश्नावर आहे.

२. वेताळाचा प्रश्न

वेताळकथांच्या आधुनिक प्रसारात कोलकात्याचा वाटा मोठा आहे. १८०० मध्ये स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम महाविद्यालयासाठी मजहर अली खाँ ‘विला’ व लल्लूलाल यांनी ‘बैताल पचीसी’ हिंदुस्थानीत सिद्ध केली. तिच्या आधारे ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८४७ मध्ये ‘बेताल पंचविंशति’ बंगाली गद्यात आणली. याच महाविद्यालयात विल्यम केरी यांच्याकडे मराठीचेही अध्यापन होते, आणि तेथील वैजनाथ पंडितांची मराठी ‘सिंहासनबत्तीशी’ १८१४ मध्ये श्रीरामपूरला छापली गेली. पुढे १८३० मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ मराठीत आली. मराठी व बंगाली गद्याच्या आरंभकाळात विक्रमाच्या कथाचक्राचा असा जवळजवळ समांतर प्रवास घडला.

या कथाचक्राची चौकटच मुळी मृतदेहाच्या वापरावर उभी आहे. योग्याला साधनेसाठी प्रेत हवे असते. प्रेतात वेताळ वसलेला असतो. आणि योग्याचा अंतःस्थ हेतू राजाचाच बळी देण्याचा असतो. खेळाच्या परिभाषेत हा दुसरा वर्ग होय. येथे प्रेत हे साधन आहे, व्यक्ती नव्हे. चौकटीच्या आतील कथांत मात्र पहिला वर्ग येतो. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’तील पाठ येथे आधाराला घेता येतो, इतर पाठांत नावे व तपशील बदलतात. मंदारवती मरण पावते. तिच्या तीन वरांपैकी एक स्मशानात तिच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत असता संजीवनमंत्र मिळवतो. ती उठते आणि तिघांत भांडण जुंपते. राजाचा निवाडा असा, की जीव देणारा तो पिता, अस्थी वाहणारा तो पुत्र, आणि राखेवर निजणारा तोच पती.

या निवाड्यातील तर्क लक्षणीय आहे. मृताला उठवणे हा पुनर्जन्म देणे होय. म्हणून उठवणाऱ्याचे नाते जन्मदात्याचे ठरते आणि त्यामुळेच त्याचा प्रणयाचा हक्क बाद होतो. सामर्थ्य जितके मोठे, तितका मागणीचा अधिकार कमी. मात्र मंदारवतीला कोणी विचारत नाही. खेळ ज्याला पहिली अट मानतो ती संमती येथे प्रश्नाच्या कक्षेतच येत नाही. त्याच चक्रात चार विद्वान भाऊ हाडांतून सिंह घडवतात आणि त्याच्याच तोंडी पडतात. तेथे राजा दोष देतो तो प्राण फुंकणाऱ्याला, कारण समोरचा देह कोणाचा आहे हे त्याला दिसत होते. इतरांची विद्या अपुऱ्या माहितीवर चालली. त्याची मात्र जाणतेपणी.

३. कच आणि देवयानी

महाभारताच्या आदिपर्वातील कचोपाख्यानात हाच तर्क निराळ्या मार्गाने येतो. असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्यापाशी संजीवनी विद्या असल्याने युद्धाचे पारडे असुरांकडे झुकते. मेलेले योद्धे पुन्हा रणात उतरतात, आणि मरण हा पराभवाचा निकष राहत नाही. म्हणून देव कचाला पाठवतात. असुर त्याला पुनःपुन्हा मारतात, आणि देवयानीच्या आग्रहाने शुक्र त्याला उठवतात. अखेरीस कचाची राख मद्यातून शुक्राच्या पोटात जाते. कचाला उठवावे तर शुक्राला मरावे लागेल; त्यातून मार्ग निघतो तो विद्यादानाचा. कच गुरूचे पोट फोडून बाहेर येतो आणि गुरूला उठवतो. पुढे देवयानी विवाहाची इच्छा प्रकट करते, तेव्हा ज्या कुशीत तू राहिलीस तेथेच मी राहिलो, म्हणून आपण भावंडे, असे तो म्हणतो. पुनर्जीवन म्हणजे जन्म, या मंदारवतीच्या कथेतील सूत्राचेच हे दुसरे रूप होय.

या उपाख्यानाच्या दोन आधुनिक आविष्कारांची तुलना उद्बोधक आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) या संगीत नाटकात शुक्राचार्यांचे मद्यपान हा कथेचा नैतिक कणा ठरतो. ज्याच्या हाती जीवनमरण आहे त्याचाच स्वतःवर ताबा नाही, हा तेथील विरोध. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘विदाय-अभिशाप’ (१८९४) या काव्यसंवादात शुक्र रंगभूमीवर येतच नाहीत. तेथे केवळ कच व देवयानी आहेत, आणि प्रश्न आहे तो ऋणाचा. मूळ कथेत देवयानीच्या शापाला कच प्रतिशापाने उत्तर देतो. रवींद्रनाथांचा कच तिला सुखाचा वर देतो. शाप मात्र कायम राहतो. ही विद्या त्याला दुसऱ्यास शिकवता येईल, स्वतःस वापरता येणार नाही. जिच्यामुळे प्राण परत मिळाले तिला जो सोडून जातो, त्याच्या हातून प्राणदानाचे सामर्थ्य निसटते, असा या शापाचा नैतिक अर्थ लावता येतो.

४. बेहुलेची किंमत

बंगालच्या मनसामंगल काव्यांत बेहुला सर्पदंशाने मेलेल्या लखिंदराचे शव केळीच्या तराफ्यावर घेऊन निघते. या परंपरेतील बिप्रदास पिपिलाई यांच्या पंधराव्या शतकाच्या अखेरच्या काव्यात चांद सौदागराच्या जलप्रवासात हुगळीकाठच्या स्थळांबरोबर कलिकात्याचेही नाव येते. हा भाग प्रक्षिप्त असावा असे काही अभ्यासकांचे मत आहे. वाटेत बेहुलेला नेता धोबीण भेटते. कामात व्यत्यय आणणाऱ्या मुलाला ती मारून टाकते, आणि धुणे आटोपल्यावर पाणी शिंपडून उठवते. जेथे संजीवन हाताशी आणि फुकट असते तेथे मारणेही सहज होते, याचे याहून बोलके चित्र विरळाच. कल्पनाखेळांच्या नियमकर्त्यांनी हिऱ्याची अट का घातली असावी, हेही या प्रसंगाच्या उजेडात कळू शकते.

बेहुलेचे संजीवन फुकट नाही. ती देवसभेत नृत्य करते आणि सासरा चांद मनसेची पूजा करील असे वचन देते. किंमत शेवटी चांदलाच भरावी लागते. शिवभक्त चांद तोंड फिरवून डाव्या हाताने फूल वाहतो. त्या डाव्या हातात त्याचा उरलेला स्वाभिमान आहे. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. बेहुला पतीला परत आणते, तरी त्याची माता ठरत नाही, कारण उठवण्याची शक्ती मनसेची आहे, तिची नव्हे. सावित्रीच्या बाबतीतही प्राण परत देतो तो यमच. पत्नीने याचना करावी, शक्ती दुसऱ्याची असावी. तरच पत्नीत्व अबाधित राहते.

मराठी परंपरेत नेवाशाची आख्यायिका याला जवळची आहे. सती जाण्यास निघालेल्या स्त्रीला ज्ञानेश्वरांनी आशीर्वाद दिला, तिचा पती सच्चिदानंदबाबा उठला आणि ज्ञानेश्वरीचा लेखक झाला. येथे उठवणारा काहीच मागत नाही. उठलेला आपले ऋण लेखणीने फेडतो.

५. परत आलेली कादंबिनी

रवींद्रनाथांच्या ‘जीवित ओ मृत’ (१८९२) या कथेत मंत्रही नाही, देवताही नाही. आश्रित विधवा कादंबिनीला मृत समजून स्मशानात नेले जाते, आणि ती तेथे जागी होते. नियमपुस्तकाच्या दृष्टीने तिच्यापाशी सर्व काही आहे. देह आहे, जाणीव आहे, जगण्याची इच्छाही जागी होते. परंतु तिला स्वीकारणारे कोणी नाही. मैत्रिणीच्या घरी ती भुतासारखी ठरते, सासरच्या घरात भय निर्माण करते. आपण मेलो नव्हतो हे सिद्ध करण्यासाठी तिला अखेर मरावे लागते. ती विधवा आहे, ही गोष्ट येथे दुय्यम नाही. घरात तिचे स्थान आधीच इतके पुसट होते, की मृत्यूने ते फक्त अधिकृत केले.

६. समारोप

उपरिनिर्दिष्ट कृती एकत्र ठेवल्या असता संजीवनाच्या नीतीचे दोन विचारक्रम दिसतात. कल्पनाखेळ व्यक्तीपासून आरंभ करतो. म्हणून तो संमती व मूल्य यांच्या अटी घालतो. बंगाली-मराठी परंपरा नात्यापासून आरंभ करते. म्हणून परतलेला कोणाचा पुत्र, बंधू, पती वा ऋणाईत, हे तिला प्रथम ठरवावे लागते. पहिल्या क्रमात मंदारवतीवरील अन्याय लगेच उघड होतो, आणि ही त्याची बाजू भक्कम आहे. कादंबिनीवरील अन्याय मात्र त्याला दिसू शकत नाही, कारण परतण्याच्या अटी पूर्ण झाल्या की त्याचे काम संपते. मृताला परत बोलावण्यापूर्वी त्याची संमती घेणे आवश्यक आहे. परंतु जिवंतांनी त्याच्यासाठी जागा राखली आहे काय, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. ही दुसरी अट रवींद्रनाथांच्या कथेने घातली, आणि तुलनात्मक अभ्यासाने ती नियमपुस्तकांपुढेही ठेवावयास हवी.