लाकडी नंदी, यंत्रमानव आणि जुन्या रूपाशी इमान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सौंसरच्या रस्त्यांवर बैलांची जागा मुले घेतात. प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला चार चाकांच्या पाटावर उभा असलेला लाकडी नंदी, त्याच्या पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग आणि गळ्यात घुंगरू. हा तान्हा पोळा. नंदी ओढत मुले घरोघर जातात, घरची मंडळी नंदीला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा थोडे पैसे, ठेवतात. त्याच दिवशी जवळच्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. बाहेरच्या वृत्तपत्रांत दरवर्षी तीच झळकते. मुलांच्या या सणाची बातमी सहसा तालुक्याबाहेर जात नाही.

सौंसर हे नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, संत्र्यांच्या बागांनी वेढलेले गाव. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके मध्य प्रदेशात राहिले, आणि २०२३ मध्ये त्या दोहोंचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा बदलल्या तरी घरातली मराठी आणि पोळा कायम राहिला. तान्ह्या पोळ्याची प्रथा नागपूरचे दुसरे रघूजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये सुरू केली, असे सांगितले जाते. मुलांना बैलाचे महत्त्व कळावे आणि खऱ्या बैलाच्या शिंगांचा धोकाही नसावा, असा त्यामागचा साधा हिशेब.

या नंदीचे रूप आज झपाट्याने बदलते आहे. एकीकडे हलके प्लास्टिकचे नंदी आले. दुसरीकडे सजावटीच्या स्पर्धांमुळे सागवानी नंदी वाढत वाढत मुलाच्या डोक्यावर गेला. नागपुरात भोसले घराण्याचा सुमारे आठ फूट उंचीचा नंदी प्रसिद्धच आहे, पण तो राजघराण्याचा मान. आता सामान्य घरांतूनही असे नंदी निघतात, मोठ्या नंदीची किंमत लाखाच्या घरात जाते आणि तो ओढायला चार मोठी माणसे लागतात. मूल शेजारून चालते. जुने खेळणे नव्याने घडवताना मूळ रूपाशी कितपत इमान राखावे, हा प्रश्न इथे उभा राहतो.

हा प्रश्न जगाच्या पाठीवर सर्वाधिक हिरिरीने चर्चिला जातो तो ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या खेळण्यांच्या बाबतीत. मोटारीचा किंवा ट्रकचा घड्या उलगडत यंत्रमानव होतो, ही त्यांची गंमत. ही खेळणी मुळात जपानच्या टाकारा कंपनीची, ‘डायक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या मालिकांतली. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ती घेऊन १९८४ मध्ये नव्या नावांनी बाजारात आणली आणि जोडीला चित्रमालिका व कॉमिक्स काढले. ऑप्टिमस प्राइम, बंबलबी, मेगाट्रॉन ही नावे तेव्हाची. गेली चाळीस वर्षे हीच पात्रे पुन्हा पुन्हा नव्याने घडवली जात आहेत, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीवर जुने चाहते एकच तक्रार करतात: हा आमचा ऑप्टिमस नव्हे.

मात्र ‘मूळ रूप’ कोणते, हेच इथे सरळ नाही. आयर्नहाइड आणि रॅचेट या दोन पात्रांच्या १९८४ च्या खेळण्यांना डोके नव्हतेच. गाडीच्या काचेमागच्या आसनावर चेहऱ्याचा एक कागद चिकटवलेला असे. चित्रमालिकेत असा नायक चालणार नव्हता, म्हणून चित्रकारांनी त्यांना रीतसर डोके, चेहरा आणि बोलते तोंड दिले. आजचा कारागीर ‘जुना आयर्नहाइड’ घडवायला बसतो तेव्हा तो खेळण्याला प्रमाण मानत नाही; मुलांनी पडद्यावर पाहिलेल्या चित्राला मानतो. चाळिशी-पन्नाशीतल्या ग्राहकाच्या आठवणीतही तेच चित्र असते. हातातले बिनडोक्याचे खेळणे त्याने लहानपणीच मनातल्या मनात दुरुस्त करून टाकलेले असते.

काही बदल बाहेरून लादले जातात. मेगाट्रॉन हा मूळचा पिस्तूल होणारा यंत्रमानव. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या पिस्तुलांवर अमेरिकेत निर्बंध आल्यावर तो रणगाडा झाला, आणि आता रणगाडा हेच त्याचे रूप मानणारी एक पिढी तयार झाली आहे. २००७ च्या चित्रपटात ऑप्टिमसचा चपट्या तोंडाचा ट्रक जाऊन लांब नाकाचा पीटरबिल्ट आला, कारण मोठ्या ट्रकमधून अधिक उंच यंत्रमानव निघू शकतो. बंबलबी छोट्या फोक्सवॅगन बीटलचा शेव्हरोले कमॅरो झाला. २०१८ च्या चित्रपटात मात्र त्याला पुन्हा बीटल करण्यात आले. तक्रारींचा काहीच परिणाम होत नाही, असे म्हणता येणार नाही.

सौंसरच्या नंदीशी सर्वांत जवळचे नाते साउंडवेव्ह या पात्राचे आहे. १९८४ मध्ये तो खिशात मावणारा कॅसेट प्लेअर होता. त्याच्या छातीचे झाकण उघडे आणि आतली छोटी कॅसेट बाहेर पडून तिचा पक्षी किंवा श्वापद होई. आजच्या मुलाने कॅसेट पाहिलेली नाही. म्हणून २००९ च्या चित्रपटात तो उपग्रह झाला. संग्राहकांसाठीच्या महागड्या आवृत्तीत मात्र कॅसेट प्लेअरच राहिला. ज्या वस्तूवरून खेळणे घडले ती वस्तूच जगातून गेली, तर खेळण्याने काय करावे?

बैलाचेही तसेच होत आहे. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील गोवंशातल्या नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. नांगरणी ट्रॅक्टरने होते, आणि काही गावांत पोळ्याला ट्रॅक्टरलाच तोरण बांधले जाते. तरीही तान्ह्या पोळ्याला लाकडी ट्रॅक्टर ओढत नेण्याची प्रथा रुजली नाही, आणि रुजू नये. ट्रॅक्टरला कोणी ओवाळू शकेल; पण वर्षभर राबलेल्या मुक्या जिवाला एक दिवस विसावा देण्याची कल्पना त्याच्यापाशी टिकत नाही. कॅसेट प्लेअर सोडून उपग्रह झालेल्या साउंडवेव्हचे फार बिघडले नाही, कारण हेरगिरी हा त्याचा स्वभाव दोन्ही रूपांत शाबूत राहिला. नंदीचे बैलपण गेले तर मागे काही उरत नाही.

रूपाहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलाच्या हाताने करायची क्रिया. १९८४ चा ऑप्टिमस कारागिरीच्या दृष्टीने ओबडधोबड होता. पाय धड हलत नसत, मुठी सुट्या असल्याने हमखास हरवत. पण मोजक्या हालचालींत ट्रकचा यंत्रमानव होई आणि त्या सहा-सात वर्षांच्या मुलाला पाठ होत. टाकाराने २००३ पासून ‘मास्टरपीस’ ही संग्राहकांची मालिका काढली. तिच्यातला २०१९ चा ऑप्टिमस पडद्यावरच्या चित्राबरहुकूम दिसावा म्हणून ट्रकचा बहुतेक भाग असंख्य छोट्या घड्यांनी अंगात दडवावा लागतो. दिसायला तो अप्रतिम आहे. मात्र तो मोठ्यांनी एकदा घडवायचा आणि कपाटात ठेवायचा. मुलाच्या हातात देण्याची छाती कोणाची होणार नाही. २०२१ मध्ये तर सुमारे ७०० डॉलरचा, तोंडी हुकूम देताच स्वतःहून रूप पालटणारा ऑप्टिमस आला. यात रूपाशी इमान आहे, आवाजाशीही आहे. फक्त मुलाचा हात त्यातून वजा झाला.

त्यानंतर २०२४ मध्ये टाकारा टोमीने ‘मिसिंग लिंक’ मालिका काढून वेगळी वाट धरली. चेहरामोहरा आणि रूप पालटण्याची रीत १९८४ च्या खेळण्याचीच ठेवली आणि ज्या जागी ते ताठर होते तिथे सांधे घातले. नव्याने घडवण्याच्या कामात हा सर्वांत शहाणपणाचा प्रयोग म्हणावा लागेल. उणीव दूर केली आणि खेळाला धक्का लावला नाही.

गोमंतकीय वाचकाला याचा पडताळा शेजारच्या सावंतवाडीत मिळेल. तिथली दशावतारी गंजिफा १२० पानांची: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ लोपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ती पुन्हा उभी केली. चित्रे, रंग, गोल आकार सारे मुळाबरहुकूम आहे. तरी आज गंजिफा विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती खेळता येत नाही. त्याच शैलीत रंगवलेला ५२ पानांचा जोडही सावंतवाडीत मिळतो. कलेचा अभ्यासक त्याला तडजोड म्हणेल. पण तो हातात घेऊन डाव मांडता येतो.

हीच कसोटी नंदीला लावली तर प्लास्टिकवरचा राग थोडा निवळतो. हलक्या नंदीला तीन वर्षांचे मूलही दोन गल्ल्या ओढते, आणि ती क्रिया सागवानी नंदीच्या क्रियेहून वेगळी नाही. त्याच्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे: तो दोन वर्षांत मोडतो, तर लाकडी नंदी थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. शिवाय साच्यातून निघालेल्या नंदीमुळे गावातल्या सुताराचे श्रावणातले काम जाते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट मिळाली. ही नोंद सौंसर-पांढुर्ण्याच्या सुतारांनी अवश्य करून घ्यावी. रंग मात्र सूट असली तरी विषारी नसलेलाच वापरायला हवा. नंदीचे शिंग तोंडात घालणारी मुले याच घरांत आहेत.

उंच नंदीचे काय करायचे, हे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांच्या हाती आहे. आज बक्षिसे सजावटीला आणि आकाराला मिळतात, म्हणून नंदी वाढतो. ज्या नंदीला मुलाने घरापासून मैदानापर्यंत एकट्याने ओढत आणले, त्यालाही एक बक्षीस ठेवले, तर पुढच्या श्रावणात सुताराकडे मागणी वेगळ्या मापाची येईल.