‘किती टक्के?’ हा प्रश्न अपुरा आहे

बारावीचा निकाल लागला की खामगावपासून लोणारपर्यंत एकच प्रश्न फिरतो: किती टक्के? साठाच्या आत ऐकलं की समोरचा मान हलवतो, ‘आता कुठे नंबर लागणार?’ खरं म्हणजे कशाला प्रवेश घ्यायचाय, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

बी.ए., बी.कॉम.चं पाहा. आपला बुलढाणा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतो. तिथे या अभ्यासक्रमांना बारावी उत्तीर्ण, एवढीच मूळ अट. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तरच गुणवत्ता यादीचा प्रश्न. विज्ञानवाल्याला बी.ए. करता येतं, कलावाल्याला नेहमीची बी.एस्सी. करता येत नाही.

सगळ्यात घट्ट गैरसमज अभियांत्रिकीचा. ‘नव्वद टक्के आहेत, चांगलं कॉलेज मिळेलच.’ नाही मिळणार, राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, बिघडली असेल तर. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा ठरलेला विषय (बहुतेकांचा रसायनशास्त्र) मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात. ही झाली पात्रता. ती असली की राज्याच्या यादीतला क्रम एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो. बोर्डात ५८ टक्के मिळवणारी मुलगी ९२ टक्केवाल्याच्या पुढे जाते ती अशी. आयआयटी-एनआयटीला मात्र बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर परीक्षेत किती जणांना मागे टाकलं त्याचं प्रमाण, हे सांगून सांगून शिक्षक थकले. वैद्यकीय प्रवेशाच्या २०२५च्या नीट परीक्षेत खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा होती ५० पर्सेंटाइल. गुणांत ती निघाली ७२०पैकी १४४, म्हणजे अवघे २० टक्के. पण १४४ वाल्याला सरकारी एमबीबीएसची जागा मिळत नाही. तिथला कट-ऑफ कितीतरी वर असतो. आणि कट-ऑफ कोणी आधी बसून ठरवत नाही. शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचे गुण म्हणजे कट-ऑफ. म्हणून गेल्या वर्षीचा आकडा अंदाजापुरताच धरावा.

बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यातल्या इतर नऊ नव्या महाविद्यालयांबरोबर त्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून ‘आता आपल्या पोरांना कमी मार्कांत मिळेल’ असं ऐकू येतं. तसा जिल्ह्याचा कोटा नाही. १५ टक्के जागा देशपातळीवर जातात, उरलेल्या राज्याच्या कोट्यात सांगलीचा आणि मेहकरचा विद्यार्थी एकाच यादीत असतात. विभागातल्या विद्यार्थ्यांना ७० टक्के जागा राखणारं ७०:३० सूत्रही २०२०मध्ये रद्द झालं.

अभियांत्रिकीत मात्र भूगोल अजून चालतो. विद्यापीठाशी संलग्न अनेक खासगी महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांना असतात, आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात केलेल्याचं क्षेत्र ठरतं ते बारावी कुठून झाली त्यावरून. घर चिखलीत, पण अकरावी-बारावी लातूरला केली, तर तो विद्यार्थी अमरावतीचा नव्हे, नांदेडच्या विद्यापीठाचा धरला जातो. दहावीनंतर मुलाला क्लासला बाहेर धाडताना फीची चौकशी सगळेच करतात, याची मात्र क्वचितच कोणी करतं.