हक्काची संध्याकाळ

कचेरी सहाला सुटते, पण मन तिथेच अडकून राहतं. साहेबांनी सगळ्यांदेखत काढलेली खरडपट्टी, न जुळलेला हिशेब, उद्यावर ढकललेली फाइल हे सगळं लोकलच्या गर्दीतही डोक्यात फिरत राहतं. अशा दिवशी सरळ घर गाठावं आणि अंथरुणाला पाठ टेकावी, हाच शहाणपणा असं आपल्याकडे मानतात; नाटकाला, गाण्याला किंवा चार मित्रांत जाणं ही चैन ठरते. मला ही समजूत चुकीची वाटते. ज्या दिवशी कामाने जीव मेटाकुटीला येतो, त्याच दिवशी एखादी रमवणारी संध्याकाळ माणसाला सर्वांत जास्त हवी असते.

असं का, याचं उत्तर थकव्याच्या स्वरूपात आहे. ओझी उचलून दमलेलं शरीर पडून राहिलं की सावरतं. ताणाने दमलेलं मन नुसतं पडून राहिलं तर घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा उगाळतं आणि प्रत्येक उजळणीला शरीरही साथ देतं: छाती धडधडते, झोप उडते. साबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस सावरतो कसा, याची चार अंगं मांडली. कामापासून मन सुटणं, सैलावणं, एखादी गोष्ट नव्याने जमल्याचं समाधान मिळणं आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. सोफ्यावर बसून मोबाईल चाळताना यातलं फार थोडं मिळतं, कारण त्याच मोबाईलवर कचेरीचा ग्रुपही असतो.

आता दादरच्या शिवाजी मंदिरातला नाटकाचा प्रयोग घ्या. तिसरी घंटा होते, मोबाईल बंद ठेवण्याची विनंती होते, अंधार पडतो. पुढचे दोन-अडीच तास गोष्ट आपलं सगळं लक्ष मागते. उगाळायला मनाला सवडच उरत नाही आणि शेकडो अनोळखी माणसांबरोबर एकदम हसताना आपलं दुःख एकट्याचं राहत नाही. मन सुटतं ते असं, दुसरीकडे गुंतल्यामुळे. ‘विचार करू नकोस’ असं बजावून ते सुटत नसतं. भजनी मंडळात टाळ धरणारा, गाण्याच्या क्लासला जाणारी किंवा मैदानात बॅडमिंटन खेळणारा गट यांना तर नवं काही जमल्याचं समाधानही मिळतं.

मुंबईच्या कामगार चळवळीला या संध्याकाळचं मोल फार पूर्वी कळलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळला दामोदर नाट्यगृह उभारलं आणि दिवसभर साच्यावर उभा राहणारा कामगार तिथे रंगमंचावर उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, त्या काळात कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न धसाला लागला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. पुढे १९५३ च्या कायद्यातून कामगार कल्याण मंडळ उभं राहिलं आणि त्याच्या नाट्यस्पर्धांतून कारखान्यांतले कलावंत पुढे आले. या माणसांनी मनोरंजनाला मजुरीइतकंच गंभीरपणे घेतलं.

यावर पहिला आक्षेप येईल तो दमणुकीचा: अंगात त्राणच नसताना बाहेर कोण पडणार? हा अनुभव खोटा नाही. ज्याला सावरण्याची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ते सर्वांत कमी जमतं. सोनेनटाग यांनी या विसंगतीवर २०१८ मध्ये स्वतंत्र लेखन केलं आहे. म्हणूनच हा निर्णय थकलेल्या क्षणावर सोडू नये. तिकीट आधी काढलेलं असावं, कुणीतरी वाट पाहणारं असावं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं; पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ९७ मिनिटांचा होता. जिला कचेरीतून थेट ओट्याशी उभं राहावं लागतं, तिला संध्याकाळच नसते. पण यावरून मनोरंजन चैन ठरत नाही. स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायला हवा, एवढंच यातून ठरतं. तिसरा आक्षेप असा की नाटक पाहून साहेब बदलत नाही. खरंच बदलत नाही. अन्यायाचं औषध संघटना आणि कायदा हेच आहे. मात्र ताणाने पिचलेला माणूस निमूटपणे सोसत राहतो. सावरलेल्या माणसाला आपली बाजू मांडण्याचं बळ येतं.

फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. सुप्रिया सुळे यांनी याच विषयावर लोकसभेत खासगी विधेयक मांडलं आहे. असा कायदा आपल्याकडे व्हावाच, पण तेवढ्यावर भागणार नाही. वस्तीजवळचं नाट्यगृह, परवडणारं तिकीट, रात्री उशिरापर्यंत बायकांना निर्धास्त परतता येईल अशी बस आणि दिवे लागलेलं मैदान यांची मागणी आपण पाण्याच्या आणि रस्त्याच्या मागणीइतक्याच ठामपणे नगरपालिकेकडे करायला हवी.