नफ्याआधी कर्जाचं पान उघडा

बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर १९९६ मध्ये 'कॅफे कॉफी डे'चं पहिलं दुकान सुरू झालं, तेव्हा कॉफीबरोबर इंटरनेट हे तिथलं आकर्षण होतं. पुढे हे नाव देशभर पसरलं. २०१५ मध्ये मूळ कंपनी 'कॉफी डे एंटरप्रायझेस' शेअर बाजारात उतरली, ३२८ रुपयांना एक शेअर. दुकानं भरलेली, नाव घरोघरी ओळखीचं. मग आणखी चौकशी कसली करायची, असं कुणालाही वाटावं!

पण माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की, जमा होणाऱ्या १,१५० कोटींपैकी निम्म्याहून अधिक रक्कम कर्ज फेडण्यासाठीच जाणार आहे.

कर्ज म्हणजे संकटच, असं मात्र नाही. घर घेताना आपणही वीस वर्षांचं कर्ज काढतोच की! तेव्हा बँक आपला पगार पाहते, हप्ता झेपेल का ते तपासते. शेअर घेताना तुम्ही त्या बँकेच्या जागी बसा.

ताळेबंदात 'दीर्घ मुदतीची कर्जे' असा आकडा असतो. ही वर्षभरानंतर फेडायची रक्कम. याच कर्जाचा येत्या बारा महिन्यांत द्यायचा हप्ता तिथे नसतो, तो 'अल्प मुदतीच्या कर्जां'त दाखवतात. त्यामुळे दीर्घ मुदतीचा आकडा घटला म्हणून लगेच खूश होऊ नका. कर्ज फिटलेलं नसेल, फक्त फेडीची तारीख जवळ आली असेल. दोन्ही आकडे मिळवा आणि मागच्या वर्षाशी ताडून पाहा.

मग व्याज आणि कर देण्यापूर्वीच्या नफ्याला व्याजाने भागा. समजा, नफा ३०० कोटी आणि व्याज २५० कोटी, तर उत्तर १.२ येतं. म्हणजे धंदा जरा मंदावला की व्याज भरणंही कठीण. तीन-चार पट असेल तर जिवाला जरा स्वस्थता.

कॉफी डे समूहाचं कर्ज मार्च २०१९ अखेर सुमारे ७,२०० कोटी होतं. त्याच वर्षी 'माइंडट्री'मधला हिस्सा 'एल अँड टी'ला विकावा लागला. जुलैमध्ये संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा मृत्यू झाला. नंतर बंगळुरूचं 'ग्लोबल व्हिलेज' हे टेक पार्कही विकलं गेलं आणि मार्च २०२१ पर्यंत कर्ज दोन हजार कोटींच्या खाली आलं. दुकानांत गर्दी होती, पण कर्ज हलकं झालं ते मालमत्ता विकून.

आणखी एक गोष्ट जुलै २०२० मध्ये चौकशी अहवालातून पुढे आली. समूहातल्या कंपन्यांना सिद्धार्थ यांच्या खासगी कंपनीकडून ३,५३५ कोटी रुपये यायचे होते. म्हणून वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या टिपा कंटाळवाण्या वाटल्या तरी सोडू नका. 'संबंधितांशी झालेले व्यवहार' तिथेच असतात. प्रवर्तकांनी किती शेअर गहाण ठेवले आहेत, ते शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला फुकट पाहायला मिळतं.