कलमांच्या गर्दीत मावेल असा ट्रॅक्टर

कोकणात ट्रॅक्टर घ्यायचा तर शोरूमला जाण्याआधी जमीन मापावी लागते. घाटावरच्या सपाट रानात किती एकर आणि किती एचपी, एवढ्यावर निवड होऊन जाते. आमची बाग कणकवलीच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याकडे आहे. तिथे एकरांवरून काहीच ठरत नाही. उतारावर हापूसची कलमं, त्यांच्या वरच्या अंगाला काजू, आणि त्याच्याही वर ऐन, किंजळ, कुंभा असं आपसूक वाढलेलं रान. मध्ये मध्ये चिऱ्यांचे जुने गडगे, आणि चार इंच माती उकरली की जांभा. म्हणून टेप, बांबूची काठी आणि गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन आम्ही दोघं आधी बाग चाललो.

तीन मापं घेतली. पहिलं रुंदीचं: गडग्यातली वाट सर्वांत अरुंद कुठे आहे. दुसरं उंचीचं: कलमांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून किती वर आहेत. हापूसचं कलम रायवळासारखं उंच जात नाही. ते पसरतं आणि फळांच्या भाराने आणखी वाकतं. वाटेवर आलेल्या फांद्या छातीइतक्या उंचीवर होत्या. तिसरं माप उताराचं, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं. नळीचं एक टोक वर, दुसरं मीटरभर खाली धरून फरक लिहीत गेलो. वाटेवर तो मीटरला दहा-बारा सेंटिमीटर होता, काजूत वीसच्या आसपास, आणि वरच्या रानात त्याहून बराच जास्त. वीस सेंटिमीटर म्हणजे सुमारे अकरा अंशांचा उतार. आडवा ट्रॅक्टर चालवण्याची आमची मर्यादा आम्ही तिथेच आखली. बाकी सगळे प्रश्न नंतरचे.

महाराष्ट्रात छोट्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक मिळालं ते प्रामुख्याने नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांमुळे. दोन ओळींत आठ-नऊ फूट अंतर, डोक्यावर मांडव, आणि फवारणीच्या सततच्या फेऱ्या. त्या गरजेतून तीन-साडेतीन फूट रुंदीची, बुटकी यंत्रं लोकांच्या अंगवळणी पडली. आज निवडायला पुष्कळ आहे. महिंद्राचा युवराज २१५ हा १५ एचपीचा, एका सिलिंडरचा. त्यांचाच जिवो २४५ हा २४ एचपीचा, दोन सिलिंडरचा, चारही चाकांना ताकद देणारा. कुबोटाचा निओस्टार बी२४४१ हाही २४ एचपीचा, पण तीन सिलिंडरचा. पण द्राक्षबाग असते सपाटीवर. अरुंदपणा हा तिथे निव्वळ गुण आहे. उतारावर तोच गुण जिवावर उठू शकतो.

असं का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ट्रॅक्टरला चार चाकं असली तरी पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका खिळीवर डुलता बसवलेला असतो, म्हणजे खाचखळग्यांतही चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. त्यामुळे ट्रॅक्टरचा आधार प्रत्यक्षात चौकोनी नसतो. मागची दोन चाकं आणि पुढची ती खीळ, असा तो त्रिकोण असतो. यंत्राचं वजन त्या त्रिकोणाच्या बाहेर झुकलं की ते कलंडतं. उतार तोच असला तरी वरच्या चाकाखाली एक चिरा आणि खालच्या चाकाखाली एक बीळ आलं की हिशेब बदलतो, आणि गवतात बीळ दिसत नाही. म्हणून रुंदी किमान किती, एवढंच विचारून भागत नाही. मागच्या चाकांमधलं अंतर वाढवता येतं का, हेही विचारावं. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत रिम उलटी बसवून ते काही इंचांनी वाढतं. आमच्या गडग्यातून जाईल इतकी रुंदी ठेवून चाकं जितकी फाकवता येतील तितकी फाकवायची, असं आम्ही ठरवलं. मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरलं की वजन खालीच वाढतं, आणि हा उपाय जवळजवळ फुकटातला आहे.

फोर व्हीलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उताराच्या बागेत टू व्हील घेऊ नये. चढायला ताकद मिळते हे खरं, पण खरी गरज उतरताना लागते. या ट्रॅक्टरांचे ब्रेक सहसा मागच्या चाकांवर असतात, आणि उतरताना वजन पुढे सरकून मागची चाकं हलकी होतात. चारही चाकं जोडलेली असली तर इंजिनाची ओढ पुढच्या चाकांनाही धरून ठेवते. प्रात्यक्षिकाला ट्रॅक्टर घेऊन आलेल्या चालकाने वरून खाली येताना मला हेच सांगितलं, त्याच्या भाषेत: “वयनी, उतारार क्लच दाबू नकात हां, गिअरारच सोडा.” क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि ट्रॅक्टर नुसता घरंगळतो. उतरण्याआधी त्याने दोन्ही ब्रेकची पेडलं खिटीने जोडून घेतली. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर उतारावर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

प्रात्यक्षिक शोरूमच्या अंगणात पाहू नये, ते आपल्या जमिनीवरच मागावं. आम्ही अवघड जागी सरळ चढायला लावलं, मग तिथेच उलटं चढायला लावलं. त्यानंतर पडलेला ऐनाचा ओंडका ओढायला सांगितला, तेव्हा चालकाने साखळी वरच्या जोडाला न लावता खालच्या हूकला बांधली. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून लागली आणि ओंडका एखाद्या मुळीत अडकला, तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. सावरता येण्याची वेळ पाऊण सेकंदात निघून जाते. माणसाचा पाय तेवढ्यात क्लचवर पोचत नाही. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक कमान १९५९ मध्येच सक्तीची केली, आणि उलटून होणारे मृत्यू तिथे कमी झाले. ती कमान आम्हाला हवीच होती, पण फांद्यांखाली आडवी करता येणारी. ती उभी असताना पट्टा बांधायचा, आडवी असताना सोडायचा, हेही त्याच चालकाने शिकवलं.

सायलेन्सरबद्दल कोणी सहसा बोलत नाही. उभा सायलेन्सर फांद्यांत अडकतो, मोहोर झाडतो. बागेसाठीच्या ट्रॅक्टरांत तो खाली, बाजूला वळवलेला असतो. फांद्या वाचतात, पण गरम लोखंड वाळल्या गवताच्या जवळ येतं. फेब्रुवारीनंतर आमच्याकडे एका ठिणगीने डोंगर पेटतो. त्यामुळे खालचा सायलेन्सर घ्यायचा, त्याला ठिणगीरोधक जाळी आहे का पाहायचं, आणि काम संपलं की अडकलेलं गवत काढायचंच. रेडिएटरच्या जाळीत कुसळं भरतात, तीही.

कामं कोणती? पावसानंतरची बेणणी, मोहोरावरच्या फवारण्या, आंब्याच्या पेट्या आणि काजू वाहून आणणं, चिरे, लाकूड. नांगरणी जवळजवळ नाहीच. म्हणून रोटाव्हेटरचा आग्रह आम्ही नाकारला. कलमाची अन्न घेणारी मुळं वरच्या थरात पसरलेली असतात. झाडाखाली रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे दर वर्षी ती तोडत राहणं. गवत कापणारा स्लॅशर पुरे. २४ एचपीतले सगळे एचपी अवजाराला मिळत नाहीत, म्हणून पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची, ताकद वेगळी विचारावी, आणि अवजार मिनिटाला ५४० फेऱ्यांचं आहे ना तेही.

लिफ्टच्या आकड्याला मात्र भुलू नये. ७५० किलो लिहिलेलं असतं ते लिंकच्या टोकाशी मोजलेलं. फवारणीची चारशे लिटरची टाकी त्या टोकाच्या बरीच मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकेनासं होतं. त्यात टाकी अर्धी असली तर पाणी उताराच्या बाजूला धावतं. म्हणून आम्ही दोनशे लिटरचीच टाकी घेणार आहोत, आणि पुढे वजनं लावणार आहोत.

पाच-सहा लाखांची वस्तू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आल्याने थोडा हात मोकळा झाला. अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करावी, आधी नाही. सुटे भाग तालुक्यात मिळतात का, हे मी दोन दुकानांत स्वतः विचारून आले.

शेवटी २४ एचपीचा, फोर व्हील, आडव्या होणाऱ्या कमानीचा ट्रॅक्टर ठरला. विक्रेत्याने आणखी मोठा सुचवला, आणि चार-पाच कलमं काढली की तो आरामात फिरेल असंही म्हणाला. त्या कलमांना आजही फळ लागतं. ती राहतील. वरच्या रानात तर ट्रॅक्टर चढणारच नाही. तिथलं पडलेलं लाकूड खालच्या वाटेवरून कप्पी आणि दोराने ओढायचं. फवारणीसाठी शंभर मीटरची नळी घेतली आहे, म्हणजे ट्रॅक्टर वाटेवर उभा राहील आणि माणूस झाडापर्यंत जाईल.