एकाच वाफेवर चार वेळा
उष्णतेचा हिशेब : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण बॉयलरच्या धुराड्यापाशी होतो. आता साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाउसमध्ये येऊ. खरी चैन आणि खरी काटकसर, दोन्ही इथेच चालतात.

उसाच्या रसात साधारण १५ टक्के घनपदार्थ असतात. त्याचा ६० टक्क्यांचा पाक करायचा तर शंभर टन रसातून ७५ टन पाणी उडवावं लागतं. गुऱ्हाळात हे पाणी कढईवरून थेट आढ्याला जातं आणि त्याच्याबरोबर उष्णताही. अमेरिकेत लुईझियानातही एके काळी असंच चाले. उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतायला गुलाम राबत. तिथेच १८०६ साली जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियूने रसातून निघालेल्या वाफेलाच पुन्हा कामाला लावलं. १८४३ आणि १८४६ साली त्याला पेटंट मिळाली.

रस एकामागोमाग जोडलेल्या भांड्यांत, म्हणजे ‘बॉड्यां’त, उकळतो; पुढच्या भांड्यातला दाब कमी केला की रस कमी तापमानाला उकळतो. म्हणून पहिल्या बॉडीतल्या रसाची वाफ दुसरीला, दुसरीची तिसरीला पुरते. शेवटच्या बॉडीत निर्वात पंपामुळे रस ५५ अंशांच्या आसपासच उकळतो. चार बॉड्यांत एक टन वाफ ढोबळमानाने चार टन पाणी उडवते.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. गंमत पुढे आहे. रस तापवायलाही वाफ लागते, ती कुठून घ्यायची? टर्बाइनमधून आलेली एक्झॉस्ट वाफ वापरली तर बचत शून्य. तिच्याऐवजी पहिल्या बॉडीची वाफ घेतली तर टनामागे पाव टन वाचते, दुसरीची घेतली तर अर्धा, तिसरीची घेतली तर पाऊण. कारण तिसऱ्या बॉडीतून निघेपर्यंत त्या वाफेनं तीनदा काम केलेलं असतं. म्हणजे ३५ अंशांचा कच्चा रस ७० पर्यंत न्यायला एक्झॉस्ट वाफ खर्चणं ही उधळपट्टीच. काही कारखाने तर शेवटच्या बॉडीची, कंडेन्सरला जाणारी वाफही आधी रसाला टेकवून घेतात.

हे इतकं जुनं शास्त्र सगळीकडे का दिसलं नाही? जुन्या कारखान्यांत बगॅस, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायचा उसाचा चोथा, उरला तर त्याची अडचणच व्हायची, मग वाफ वाचवून करायचं काय! सहवीजनिर्मिती आली आणि उरलेल्या बगॅसला भाव आला. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात वाफेचा वापर उसाच्या ५० टक्क्यांवरून ४० वर आला, तर दिवसाला ५०० टन वाफ, म्हणजे सुमारे सव्वादोनशे टन बगॅस वाचतो. मात्र बॉड्यांच्या नळ्यांत क्षारांचा थर साचला की हा हिशेब कोलमडतो. नवी यंत्रं घेण्याआधी नळ्या साफ करा, असंच मी म्हणेन.

सभासद असाल तर वार्षिक सभेत साखर उताऱ्याचा आकडा विचारताच. यंदा उसावर किती टक्के वाफ लागली, हेही विचारा.