वॉशिंग मशीन नेमके कोठे थांबते? घरच्या घरी दोष शोधण्याची रीत

होसकोटे (बंगळुरू) : वरून झाकण उघडणारे, म्हणजे टॉप लोड प्रकारचे स्वयंचलित वॉशिंग मशीन मध्येच बंद पडले की घरात पहिले निदान होते ते 'मोटर गेली' असे. दुरुस्तीसाठी आलेला माणूस पुष्कळदा 'बोर्ड गेला' असे सांगतो. मोटर आणि नियंत्रण बोर्ड हे या यंत्रातील सर्वांत महागडे भाग आहेत; मात्र यंत्र थांबण्याची कारणे बहुतेक वेळा त्यांच्याबाहेर असतात. पाण्याच्या वाटेतील एखादी जाळी, झाकणाखालचा छोटा स्विच, तळाशी अडकलेली केसांची पिन किंवा सांडपाण्याच्या नळीची चुकलेली उंची यांपैकी काही तरी बिघडलेले असते. ते ओळखण्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीची गरज नाही. यंत्र आपल्या कामाच्या कोणत्या टप्प्यावर अडते, एवढे नीट पाहावे लागते.

जुन्या मद्रास रस्त्यावर, बंगळुरूच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या होसकोटे येथे हा विषय विशेष जिव्हाळ्याचा ठरतो. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीमुळे हे नाव मराठी वाचकांना अपरिचित नाही. आज गोदामे, कारखाने आणि नव्या निवासी वसाहती यांमुळे ते महानगराला जवळजवळ जोडले गेले आहे. येथील घराघरांत पाणी येते ते मुख्यतः कूपनलिकांचे. हा तालुका केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गीकरणात 'अतिशोषित' गटात मोडतो. कठीण खडकाच्या भेगांतून खोलवरून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. शालेय पुस्तकांत अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. बोलण्यात आपण 'जड पाणी' म्हणतो, तर कन्नडमध्ये 'गडसु नीरु'. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) दुष्फेनतेची स्वीकारार्ह मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास ती ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. कपडे धुण्याच्या पाण्याची अशी तपासणी सहसा कोणी करत नाही. सोलापूर, लातूर किंवा अहिल्यानगर परिसरात कूपनलिकेच्या पाण्यावर संसार चालवणाऱ्यांना ही स्थिती ओळखीची वाटेल.

अशा पाण्यात साबणाचा फेस कमी होतो, म्हणून पावडर जास्त टाकली जाते. न विरघळलेली पावडर, क्षार आणि कपड्यांचा लोकर-सुती कचरा यांचा चिकट थर आतल्या ड्रमच्या बाहेरील बाजूस साचत जातो. वरून पाहणाऱ्याला ड्रम चकचकीत दिसतो. थर असतो तो नजरेआड. पुढे सांगितलेल्या अनेक बिघाडांचे मूळ या थरात आहे.

आता यंत्राचा क्रम पाहू. वीज, पाणी भरणे, पाण्याची पातळी मोजणे, धुणे, पाणी सोडणे आणि शेवटी कपडे पिळणे असे त्याचे टप्पे आहेत. मागचा टप्पा पूर्ण झाल्याची खात्री पटल्याखेरीज नियंत्रण बोर्ड पुढच्या टप्प्याची आज्ञा देत नाही. दोष शोधताना सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. 'कपडे पिळले जात नाहीत' अशी तक्रार असते, पण ड्रममध्ये पाणी शिल्लक असेल तर यंत्र पिळणार नाहीच. मग दोष पिळण्याचा नसून निचऱ्याचा आहे. म्हणून दुरुस्तीपूर्वी कपडे काढून, रिकाम्या यंत्रावर सर्वांत छोटा कार्यक्रम लावावा आणि शेवटपर्यंत शेजारी उभे राहावे. कोणत्या क्षणी कोणता आवाज आला आणि कोणता आला नाही, हे कागदावर टिपून ठेवावे. अर्ध्या तासाच्या या निरीक्षणाने निम्मे काम होते.

दिवेच लागत नसतील तर प्रथम त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून पाहावे. सॉकेट ठीक असेल आणि यंत्र मृतवत असेल तर प्लग काढून, यंत्र पुढे ओढून, मागची व खालची बाजू विजेरीच्या उजेडात तपासावी. टॉप लोड यंत्राचा तळ अनेकदा उघडा असतो आणि तेथून शिरलेले उंदीर तारा कुरतडतात. हा बिघाड आपल्याकडे इतका सर्रास आढळतो, की तळाला लावायची जाळी सुट्या भागांच्या दुकानांत वेगळी विकत मिळते.

दिवे लागतात, पण पाणी येत नाही किंवा करंगळीएवढी धार येते, ही होसकोट्यासारख्या ठिकाणची नेहमीची अडचण. नळ बंद करून, मागची पाण्याची नळी यंत्राकडील टोकाला सोडवली की व्हॉल्व्हच्या तोंडाशी प्लॅस्टिकची बारीक जाळी दिसते. कूपनलिकेची रेती, टाकीतील गंज आणि क्षार तेथे अडकतात. पक्कडीने ती अलगद ओढून, जुन्या दातघाशीने धुऊन परत बसवावी. नळाकडील टोकालाही काही वेळा दुसरी जाळी असते. जाळी स्वच्छ असूनही धार कमी असेल, तर दाबाचा विचार करावा. बहुतेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतील पाण्याची पातळी यंत्राच्या तोंडापासून तीन ते पाच मीटर उंच हवी. सर्वांत वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात, गच्चीवरची टाकी डोक्यावर जेमतेम दीड-दोन मीटर असताना हा दाब मिळत नाही. मग यंत्र ठराविक वेळ वाट पाहून पाणी न आल्याचा संकेत देते. अशा घरात व्हॉल्व्ह बदलून काही साधत नाही. टाकी उंच करणे किंवा छोटा दाबवर्धक पंप बसवणे हाच उपाय. नळातून जोरदार धार येते, व्हॉल्व्ह 'गुर्र' असा बारीक आवाज करतो, तरी पाणी शिरत नाही, तर व्हॉल्व्ह आतून अडकला आहे. आवाजच नसेल तर त्याची कॉइल मल्टिमीटरने तपासता येते. २३० व्होल्टच्या कॉइलचा रोध साधारण चार-पाच किलो-ओहम असतो. अनंत रोध दिसला तर कॉइल जळाली असे समजावे.

पातळी मोजण्याची युक्ती मोठी साधी, आणि म्हणूनच नाजूक आहे. ड्रमच्या तळाशी असलेल्या छोट्या कप्प्यापासून एक बारीक नळी वरच्या संवेदकापर्यंत जाते. पाणी चढले की नळीतील हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून यंत्र पातळी ओळखते. नळीला चीर पडली किंवा ती सुटली तर हवा निसटते. यंत्राला ड्रम रिकामाच वाटतो आणि पाणी भरतच राहते. उलट, पावडरीच्या चिकट थराने कप्प्याचे तोंड बुजले तर रिकामा ड्रमही भरलेला भासतो. पाणी अखंड भरत असेल, तर नळीला दोष देण्यापूर्वी सांडपाण्याची नळी मात्र पाहावी. एका बाजूने पाणी भरत असताना दुसऱ्या बाजूने ते वाहून जात असेल, तर संवेदक निर्दोष आहे.

सांडपाण्याच्या नळीबाबत घर बदलणाऱ्यांचा हमखास घोटाळा होतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक टॉप लोड यंत्रांत पंप नसतो. तळाशी रबरी झडप असते, ती एक छोटी ड्रेन मोटर ओढून उघडते आणि पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहून जाते. अशा यंत्राची नळी जमिनीलगतच हवी. ती उंबरठ्यावरून किंवा मोरीच्या कठड्यावरून नेली तर पाणी तुंबते. पंप असलेल्या यंत्रांत याच्या नेमके उलट आहे. तेथे नळी साधारण कमरेएवढी उंच अडकवावी लागते, नाहीतर भरलेले पाणी आपोआप निसटून जाते. पुण्याहून किंवा बेळगावहून बंगळुरू परिसरात आलेल्या कुटुंबाचे चांगले चालणारे यंत्र नव्या घरात पहिल्याच दिवशी 'बिघडते', ते बहुधा यामुळे.

ड्रेन मोटर झडप उघडतानाच क्लचचा दांडाही ओढते, ही गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नसते. क्लच सरकला की आतला संपूर्ण ड्रम मोटरला जोडला जातो आणि पिळणे शक्य होते. म्हणून ही एक छोटी मोटर बंद पडली, तर निचरा आणि पिळणे दोन्ही एकदम थांबतात आणि घरच्यांची समजूत मुख्य मोटर गेल्याची होते. झडपेत बटण, नाणे किंवा पिन अडकली तर ती पूर्ण मिटत नाही आणि पाणी सतत झिरपते. प्लग काढून, यंत्र थोडे कलते करून (दोन माणसांनी, पाणी रिकामे केल्यावरच) झडपेचे झाकण फिरवून ती साफ करता येते.

धुण्याच्या टप्प्यात मोटरचा आवाज येतो, पण तळाची चकती, म्हणजे पल्सेटर, फिरत नाही किंवा अडखळते, तेव्हा आधी पल्सेटर काढून पाहावा. त्याच्या मध्यावरील टोपीखाली एकच स्क्रू असतो. क्षारांमुळे चकती चिकटलेली असल्यास कोमट पाणी ओतून थोडा वेळ थांबावे. कडेला पेचकस घालून जोर लावला तर प्लॅस्टिक तुटते. चकतीखाली सापडणारा ऐवज पाहून घरातील प्रत्येकाच्या खिशांचा हिशेब लागतो. चकतीच्या मध्यातील दाते झिजले असतील तर नवी चकती हाच उपाय. दाते ठीक असतील तर तळाचा पट्टा सैल किंवा तुटलेला आहे का, ते पाहावे. थेट ड्रमला जोडलेल्या इन्व्हर्टर मोटरच्या यंत्रांत पट्टा नसतो, हे येथे लक्षात घ्यावे.

मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा संशय कपॅसिटरवर जातो. पट्ट्याच्या साध्या यंत्रांत मोटर सुरू होण्यास लागणारा जोर त्याच्यामुळे मिळतो. काही शे रुपयांच्या या डबीपायी हजारो रुपयांची मोटर बदलली गेल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या धंद्यात नवी नाहीत. मात्र विजेचा दाबही तपासावा. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जोर सुमारे ६१ टक्क्यांवर येतो. उन्हाळ्यात दुपारी अडणारे आणि पहाटे सुरळीत चालणारे यंत्र दुरुस्त करण्यापूर्वी वायरमनला बोलवावे.

घरगुती दुरुस्तीची मर्यादा येथे आखणे योग्य. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहू शकतो आणि त्याचा धक्का गंभीर ठरतो. मल्टिमीटर हाताळण्याची सवय नसलेल्यांनी कपॅसिटर, मोटरच्या तारा आणि बोर्ड यांना हात लावू नये. ओल्या जागेत, धातूचे आवरण असलेल्या या यंत्राला अर्थिंग नसणे हा तर कोणत्याही बिघाडापेक्षा मोठा धोका आहे. यंत्राला स्पर्श करताच मुंग्या येत असतील तर ते ताबडतोब बंद करावे. गळती प्रवाह ३० मिलिअँपिअरवर पोहोचताच वीज तोडणारा आरसीसीबी त्या वाहिनीवर बसवून घ्यावा. तो अर्थिंगला पर्याय ठरत नाही, दोन्ही हवेत.

पाणी पूर्ण गेल्यावरही ड्रम फिरत नसेल तर झाकणाचा स्विच तपासावा. झाकण मिटले हे यंत्राला कळलेच नाही, तर ते पिळणार नाही. फिरायला लागून धडाधड आदळत असेल तर कपडे एका बाजूला गोळा झाले आहेत, पाये समतल नाहीत किंवा ड्रम पेलणाऱ्या चार लोंबत्या दांड्यांपैकी एखादी निसटली अथवा सैलावली आहे. ड्रम चारही कोपऱ्यांत हाताने दाबून सोडावा. एखादा कोपरा इतरांपेक्षा जास्त खाली गेला तर तेथील दांडी सदोष. या दांड्या संचानेच बदलणे इष्ट. पिळताना विमानासारखी घरघर आणि यंत्राखाली गंजाळ, तेलकट डाग दिसले तर बेअरिंग किंवा गिअरचा भाग गेला आहे. ते काम घरी करण्यासारखे नाही. यंत्र आठ-दहा वर्षांचे असेल तर हा खर्च करावा का, याचा विचार करावा.

पडद्यावरील अक्षरे याच क्रमाने वाचावीत. उदाहरणार्थ, एलजीच्या यंत्रांत 'आयई' म्हणजे पाणी न येणे, 'ओई' निचरा न होणे, 'डीई' झाकणाचा दोष आणि 'यूई' असमतोल. हा संकेत कोणता टप्पा अडला तेवढे सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही.

हमी काळात यंत्र उघडल्यास हमी रद्द होऊ शकते, त्यामुळे हमीपत्र आधी वाचावे. मोटरवरील दहा वर्षांची हमी अनेकदा सुट्या भागापुरती असते. भेटीचे व मजुरीचे पैसे वेगळे पडतात. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. बोर्ड बदलला गेला तर जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर भागाचे नाव लिहून घ्यावे.

जड पाण्याच्या गावात दर महिना-दीड महिन्याने पाण्याची जाळी धुवावी. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये पाणी भरून सुमारे १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) टाकावे, तासभर भिजू द्यावे आणि पूर्ण कार्यक्रम चालवावा. त्याच वेळी ब्लीचिंग पावडर किंवा कोणतेही क्लोरीनयुक्त द्रव्य वापरू नये. आम्लाशी संयोग होऊन विषारी क्लोरीन वायू सुटतो. दुरुस्ती कोणतीही असो, पहिली फेरी कपड्यांविना चालवावी, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे आणि सांध्यांतून थेंब पडत नाहीत हे पाहूनच यंत्र भिंतीकडे सरकवावे.